४४० सिक्स पॅक: टोकाचे कार्ब्युरेटर उघडत नाहीत किंवा उघडल्यावर नीट मिटत नाहीत, यावरील उपाय

एका रांगेत तीन कार्ब्युरेटर असलेल्या क्रायस्लरच्या ४४० सिक्स पॅक इंजिनाबद्दलची एकच तक्रार दर वर्षी मे-जूनच्या सुमारास माझ्या कानावर येते. हिवाळाभर झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढली, इंजिन सुरू झाले, शहरात व्यवस्थित चालली. पण मोकळ्या रस्त्यावर पेडल तळापर्यंत दाबल्यावर पूर्वीसारखी झेप घेत नाही, किंवा झेप घेण्याआधी एकदा जोराने अडखळते, किंवा झेप घेतल्यानंतर लाल सिग्नलला थांबली असता इंजिन मिनिटाला नेहमीच्या ९०० फेऱ्यांवर न येता १,४०० वर घोंघावत राहते. मालक कार्ब्युरेटर उतरवतो, साफ करतो, नवी गॅस्केट घालून बसवतो. तीन-चार आठवडे गाडी उत्तम चालते आणि नंतर तेच दुखणे पुन्हा सुरू होते.

माझ्याकडे १९७० ची प्लिमथ रोड रनर आहे. तिच्यात हेच इंजिन आहे. प्लिमथने त्याला ‘सिक्स बॅरल’ म्हटले आणि डॉजने ‘सिक्स पॅक’. मी मिशिगनमध्ये राहतो. इथे नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यांवर मीठ टाकलेले असल्यामुळे अशी गाडी बाहेर काढता येत नाही. म्हणून हा दोष मी सलग काही वर्षे स्वतःच्याच गॅरेजमध्ये भोगला आहे. शेवटी जे हाती आले ते असे की, हा दोष बहुतेक वेळा इंधनाच्या मार्गात नसतो, जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रात) नसतो आणि ज्यांच्यावर सर्वांचा संशय जातो त्या, कार्ब्युरेटरांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्यांच्या लांबीतही क्वचितच असतो. तो टोकाच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या, कार्ब्युरेटरांच्या शाफ्टमध्ये (हवेची झडप ज्यावर फिरते त्या दांड्यात), त्यांच्या डायफ्रॅममध्ये (ती झडप उघडणाऱ्या लवचीक पडद्यात) आणि त्यांना व्हॅक्यूम पोहोचवणाऱ्या नळीत असतो. तिथे न पाहता मधला कार्ब्युरेटर पुन्हापुन्हा उघडणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

रचना आधी समजून घ्यावी

या इंजिनावर हॉलीचे २३०० मालिकेतील, दोन-दोन नळ्यांचे (बॅरलचे) तीन कार्ब्युरेटर एका रांगेत बसवलेले असतात. पेडलची केबल फक्त मधल्याला जोडलेली असते. चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी झडप), ॲक्सिलरेटर पंप (पेडल दाबताच जादा पेट्रोल फवारणारी पिचकारी) आणि पॉवर व्हॉल्व्ह (भार वाढल्यावर जादा पेट्रोल सोडणारी झडप) हे तिन्ही भागही केवळ मधल्यातच असतात. पुढच्या आणि मागच्या कार्ब्युरेटरांत यांपैकी काहीही नाही, आणि बदलता येणाऱ्या जेटांऐवजी ठरावीक मापाची छिद्रे पाडलेली पट्टी आहे. मधल्याची क्षमता मिनिटाला ३५० घनफूट हवेची आणि टोकाच्या प्रत्येकाची ५०० घनफुटांची धरली जाते. बेरीज १,३५० होते हे खरे, परंतु दोन नळ्यांचे कार्ब्युरेटर पाऱ्याच्या ३ इंच दाबफरकावर मोजतात आणि चार नळ्यांचे दीड इंचावर, त्यामुळे चार नळ्यांच्या मापाने हीच बेरीज साधारण ९५५ भरते. ‘एवढा मोठा आकडा इंजिनाला पेलणार कसा’ या शंकेचे उत्तर काही अंशी यात आहे.

उरलेले उत्तर उघडण्याच्या पद्धतीत आहे. ४४० घन इंचांचे चार-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीत स्वतःच्या निम्म्या घनफळाइतकी हवा ओढते. सिलिंडर पूर्ण भरतात असे मानले तर २,००० फेऱ्यांना मिनिटाला सुमारे २५५ घनफूट आणि ५,००० फेऱ्यांना सुमारे ६३७ घनफूट हवा लागते. म्हणजे शहरातल्या वेगाला मधला एकटा पुरतो आणि वरच्या फेऱ्यांना तो अपुरा पडू लागतो. तो अपुरा पडू लागला आहे ही बातमी टोकाच्या दोघांना मधल्याच्या व्हेन्च्युरीतून, म्हणजे हवा जाण्याच्या अरुंद गळ्यातून, मिळते. हवा अरुंद गळ्यातून जितक्या वेगाने जाते तितका तिथला दाब घटतो, आणि हवेचा प्रवाह दुप्पट झाला तर ही घट चौपट होते. ती घट नळीतून टोकाच्या डायफ्रॅमपर्यंत पोहोचते, डायफ्रॅम स्प्रिंगच्या विरुद्ध वर खेचला जातो आणि टोकाच्या हवेच्या झडपा हळूहळू उघडतात.

मग दांड्या कशासाठी आहेत? मधल्या थ्रॉटलपासून (पेडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेपासून) पुढे आणि मागे जाणाऱ्या त्या दोन दांड्या टोकाच्या झडपा उघडत नाहीत. त्यांना लांबट खाच असते, आणि त्या खाचेमुळे त्या दोनच कामे करतात: टोकाच्या झडपांना मधल्याच्या पुढे जाऊ देत नाहीत, आणि मधला मिटला की त्यांना ओढून मिटवतात. साखळी लावलेले दार साखळीच्या लांबीपुरतेच उघडावे तसे हे आहे. उघडण्याचा जोर साखळीतून येत नाही. हे ध्यानात न घेता अनेक जण ‘दांडी सैल दिसते’ म्हणून ती आवळतात, आणि तेव्हापासून दुसरी समस्या सुरू होते.

काही मालक कंटाळून खाचेच्या दांड्या काढून टाकतात आणि पेडलनेच सहाही झडपा उघडणारा यांत्रिक संच बसवतात. शर्यतीच्या पट्टीवर त्याला अर्थ असेल. रस्त्यावरच्या मूळ गाडीवर मात्र मी तो बसवणार नाही, आणि त्यामागे केवळ जुन्याचे प्रेम नाही. टोकाच्या कार्ब्युरेटरांना ॲक्सिलरेटर पंप नाही. झडप एकदम उघडली की हवा तत्काळ आत जाते, पेट्रोल मात्र मागे पडते, आणि तो क्षण भरून काढणारी पिचकारी तिथे नाही. व्हॅक्यूमने सावकाश उघडणे हाच पंप नसण्यावरचा कारखान्याने काढलेला उपाय आहे. तो काढून टाकला तर गाडी अडखळणारच.

पहिली तपासणी: इंजिन बंद, मधला थ्रॉटल पूर्ण उघडा

इंजिन थंड आणि बंद असावे, अंडाकृती एअर क्लीनर काढलेला असावा आणि जवळ ठिणगी पडेल असे काही नसावे. मधला थ्रॉटल एकदाच, सावकाश, पूर्ण उघडून तसाच अडकवून ठेवावा. वारंवार हलवला तर पंप प्रत्येक वेळी मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरांकडून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मार्गात) पेट्रोल फवारतो. ही पायरी वगळणारे फार आहेत. मधला मिटलेला असताना टोकाचा लिव्हर बोटाने ढकलून पाहतात, तो हलत नाही, आणि ‘शाफ्ट जाम झाला’ असा निष्कर्ष काढतात. तो जाम नसतो, दांडीने धरून ठेवलेला असतो.

मधला उघडा असताना टोकाची झडप बोटाने शेवटपर्यंत उघडावी. बोटाला फक्त स्प्रिंगचा सारखा, मऊ विरोध जाणवला पाहिजे. वाटेत कुठे खरखर, कुठे अडखळण किंवा सुरुवातीला ‘टक्’ असा चिकटलेपणा सुटल्याचा भास झाला तर दोष तिथेच सापडला. बोट काढताच झडप स्वतःहून पूर्ण मिटली पाहिजे. शेवटच्या केसभर अंतरावर थांबली तरी ती नापास समजावी, कारण सिग्नलला घोंघावणारे इंजिन त्याच केसभर फटीतून हवा घेत असते.

याच स्थितीत डायफ्रॅमचीही परीक्षा होते. डायफ्रॅमच्या डबीवरची रबरी नळी काढावी, झडप हाताने उघडी धरावी, डबीच्या तोंडावर दुसऱ्या हाताचे बोट घट्ट दाबावे आणि मग झडप सोडावी. डायफ्रॅम धड असेल तर झडप थोडी मागे येऊन थांबते किंवा अगदी रेंगाळत मिटते. ती ताडकन मिटली तर डायफ्रॅम फाटलेला आहे किंवा डबीची कड गळते आहे. हातपंप आणि व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तमच, पण बोटाची ही चाचणी तितकीच विश्वासार्ह आहे आणि ती रस्त्याच्या कडेलाही करता येते.

नळी आणि तिचा उगम

या भागात माझी स्वतःची दोन वर्षे वाया गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गाडी घेतली तेव्हा ती सिग्नलवरून सुटताना गचका देई आणि पेडल पूर्ण दाबल्यावर शक्ती उलट कमी झाल्यासारखी वाटे. ज्या वर्कशॉपने आधीच्या मालकासाठी इंजिन बांधले होते तिथेच मी ती दोनदा नेली. दोन्ही वेळा मधल्या कार्ब्युरेटरचे जेट बदलून गाडी परत मिळाली. शेवटी एका रविवारी प्रत्येक नळी बोटाने चाचपत तिच्या उगमापर्यंत गेलो, तेव्हा टोकाच्या डायफ्रॅमची नळी मधल्याच्या व्हेन्च्युरीच्या तोटीला नव्हे, तर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमला जोडलेली आढळली. या गाडीच्या बॉनेटवरची, बाहेरची हवा इंजिनाला देणारी ‘एअर ग्रॅबर’ची झडपही व्हॅक्यूमवर चालते आणि तिच्यासाठी मॅनिफोल्डचीच नळी लागते. दोन्ही नळ्या जवळजवळ असल्याने ही अदलाबदल घडली असावी.

तिचा परिणाम नेमका उलटा होतो. मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम आयडलिंगला (पेडल न दाबता इंजिन चालू असताना) आणि हलक्या पेडलला सर्वाधिक असतो; माझ्या गाडीवर गेज १५-१६ इंच दाखवते. पेडल तळाशी गेले की तो शून्याच्या जवळ येतो. त्यामुळे टोकाच्या झडपा गरज नसताना, पेडलला पाय लागताच उघडत होत्या आणि खऱ्या गरजेच्या वेळी स्प्रिंग त्यांना मिटवत होती. आयडलिंगला डायफ्रॅमचा तो सततचा ताण दांडीमार्गे मधल्या थ्रॉटललाही उघडू पाहत होता. नळी योग्य तोटीला लावण्यास दहा मिनिटे लागली. तेव्हापासून कोणत्याही सिक्स पॅकला हात लावण्यापूर्वी मी नळीचा उगम पाहतो, गाडी कितीही प्रतिष्ठित ठिकाणाहून दुरुस्त होऊन आलेली असली तरीही.

उगम बरोबर असेल तर नळीची अवस्था पाहावी. इंजिनाच्या उष्णतेने रबर आतून कडक होते आणि त्रिमुखी जोडाजवळ बारीक चीर जाते. बाहेरून ती दिसत नाही, नळी वाकवली की दिसते. व्हेन्च्युरीचा व्हॅक्यूम मुळात क्षीण असल्यामुळे मॅनिफोल्डच्या नळीला जी गळती पचते ती इथे पचत नाही. नळ्या ठीक असतील तर मधल्याच्या तोटीतून, डोळ्यांना चष्मा लावून, कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारावा. तो व्हेन्च्युरीत बाहेर पडला पाहिजे. छिद्र बुजलेले असल्यास मऊ तांब्याच्या तारेने मोकळे करावे. ते छिद्र हे एक माप आहे, म्हणून तिथे ड्रिल कदापि लावू नये.

शाफ्ट का चिकटतो, आणि पुन्हापुन्हा का चिकटतो

वारंवार परतणाऱ्या दोषाचे मूळ बहुधा इथे असते. मधला शाफ्ट गाडी चालवताना हजारो वेळा फिरतो. टोकाचे शाफ्ट सभ्यपणे चालवलेल्या गाडीत महिनोन्महिने फिरत नाहीत, कारण तेवढी हवा इंजिन मागतच नाही. त्यांच्या भांड्यांतील पेट्रोल मात्र इंजिनाच्या उष्णतेने उडून जात राहते आणि मागे पिवळसर, चिकट राळ सोडते. ती शाफ्टच्या छिद्रांत आणि झडपेच्या कडेला साठते. हिवाळ्याचे पाच-सहा महिने त्यात भर घालतात. इथल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये सामान्यतः दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा शोषते, आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या कास्टिंगवर पांढरी बुरशीसारखी गंज धरते. क्लीनरच्या फवाऱ्याने राळ विरघळते आणि गाडी काही आठवडे ठीक चालते, पण कारण तसेच राहते.

दुसरे कारण माणसाच्या हातचे आहे. कार्ब्युरेटर गळतो असे वाटले की लोक तळाचे नट आवळतात. खालचा पाया मऊ धातूचा आहे. चार कोपरे असमान आवळले की तो किंचित वाकतो, शाफ्टची दोन्ही छिद्रे एका रेषेत राहत नाहीत आणि शाफ्ट धरला जातो. यासाठी हॉलीने दिलेले माप ६० ते ८० इंच-पौंडांचे आहे. इंच-पौंड, फूट-पौंड नव्हे: दोन्हींत बारा पटींचा फरक आहे आणि ही चूक मी अनुभवी माणसांकडूनही होताना पाहिली आहे. नट कर्णरेषेत, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत आणि प्रत्येक फेरीनंतर टोकाची झडप हाताने फिरवून पाहावी. नट सैल केल्यावर झडप मोकळी आणि आवळल्यावर जड होत असेल तर पाया वाकलेला आहे किंवा गॅस्केट चुकीचे आहे. खालून गॅस्केटची कड झडपेच्या वाटेत येते का, तेही याच वेळी पाहावे.

तिसरे कारण झडपेचे केंद्र सुटणे. झडपेची पाती दोन लहान स्क्रूंनी शाफ्टवर बसवलेली असते. पूर्वी कोणी ती काढून परत लावली असेल आणि मधोमध बसली नसेल, तर तिची एक कड नळीच्या भिंतीत रुतते. स्क्रू सैल करून, झडप मिटवून, पातीला स्वतःची जागा घेऊ द्यावी, उजेडासमोर धरून कडेने सारखी रेष दिसते का पाहावे आणि मगच आवळावे. कारखान्यातून आलेल्या स्क्रूंची टोके ठोकून पसरवलेली असतात; ती कानशीने घासल्याशिवाय फिरवली तर शाफ्टमधले आटे जातात. परत लावताना नवे स्क्रू आणि थ्रेडलॉकर वापरणे आवश्यक आहे, कारण सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. याच कारणासाठी टोकाच्या कार्ब्युरेटरांचा थांबा-स्क्रूही पाहावा: झडप भिंतीत पाचरीसारखी अडकणार नाही इतपतच, अगदी किंचित, तिला आधार असावा.

शाफ्ट वर-खाली हलवल्यावर स्पष्ट खेळ जाणवत असेल तर छिद्रे झिजलेली आहेत. तिथे पितळी बुश बसवावी लागते. ते काम माझ्या मते घरच्या ड्रिलवर करण्याचे नाही. दोन्ही बाजूंची छिद्रे एका रेषेत राखणारे यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ते द्यावे.

डायफ्रॅम बदलताना

जुना डायफ्रॅम उजेडासमोर ताणून पाहावा. छिद्र नसले तरी कापड कडक झालेले असेल तर बदलावा, आणि एक बदलला तर दुसराही बदलावा, अन्यथा पुढचा आणि मागचा वेगवेगळ्या वेळी उघडतील. बसवताना त्याच्या कडेची छिद्रे डबीच्या छिद्रांवर नेमकी येऊ द्यावीत, दांडा वर उचलून धरावा म्हणजे कड सपाट बसते, आणि झाकणाचे स्क्रू थोडेथोडे करून आळीपाळीने आवळावेत. सीलंट लावू नये. ते आत सरकून हवेची वाट बंद करते.

स्प्रिंग बदलण्याचा मोह आवरावा, निदान सुरुवातीला. हॉलीच्या स्प्रिंगा रंगांवरून ओळखल्या जातात. पांढरी सर्वांत हलकी, काळी सर्वांत कडक. टोकाच्या झडपा उघडत नाहीत म्हणून हलकी स्प्रिंग घातली आणि दोष खरे तर चिकटलेल्या शाफ्टमध्ये असला, तर शाफ्ट सुटल्या दिवशी त्या फार लवकर उघडू लागतात आणि गाडी अडखळते. शाफ्ट, डायफ्रॅम आणि नळी निर्दोष ठरल्यावरच स्प्रिंगचा विचार करावा, आणि तोही दोन्ही टोकांना सारखाच.

दांड्यांची लांबी सर्वांत शेवटी

मधला आयडलिंगच्या स्क्रूवर टेकलेला आणि टोकाच्या झडपा आपापल्या थांब्यावर असताना दांडीची खीळ खाचेच्या मिटवणाऱ्या टोकाला ओढ न लावता नुसती टेकली पाहिजे. दांडी अधिक ताणलेली असेल तर टोकाच्या झडपा आधी थांब्याला लागतात आणि मधला आपल्या स्क्रूपर्यंत पोहोचतच नाही; सैल असेल तर त्या पूर्ण ओढल्या जात नाहीत. दोन्हींचे बाह्य लक्षण एकच, चढलेले आयडलिंग, म्हणून अंदाजाने फिरवू नये. एक दांडी काढून इंजिन चालवावे: फेरे उतरले तर ती दांडी अधिक ताणलेली आहे, न उतरले तर ती सैल आहे किंवा दोष अन्यत्र आहे. नंतर इंजिन बंद करून, मधला पूर्ण उघडून, टोकाच्या झडपा हाताने पूर्ण उभ्या होतात याचीही खात्री करावी.

रस्त्यावरची चाचणी

गाडी उभी असताना पेडल मारून टोकाच्या झडपा उघडतात का हे पाहण्यात अर्थ नाही. भार नसताना इंजिन फारशी हवा ओढत नाही, त्यामुळे निर्दोष संचही तेव्हा जवळजवळ स्तब्ध राहतो. त्याऐवजी डायफ्रॅमच्या दांड्यावर, डबीला लागून, कागदाला लावायची साधी पिन अडकवावी, कायद्याने परवानगी असेल अशा मोकळ्या रस्त्यावर एकदा पूर्ण पेडल दाबून यावे आणि परत येऊन पिन पाहावी. दांडा वर गेला असेल तितकी ती खाली सरकलेली असते. पुढच्या आणि मागच्या पिनेत लक्षणीय फरक असेल तर कमी सरकलेल्या बाजूचा शाफ्ट पुन्हा तपासावा.

हिवाळ्यासाठी मी आता तीन गोष्टी न चुकता करतो. साठवणुकीपूर्वी इथेनॉलविरहित पेट्रोल आणि स्टॅबिलायझर घालून, रस्त्यावर दोन-तीनदा पूर्ण पेडल दाबून, ते टोकाच्या भांड्यांपर्यंत पोहोचवतो. दर महिन्याला एकदा, इंजिन बंद ठेवून, मधला उघडून टोकाच्या झडपा हाताने दहा-बारा वेळा फिरवतो. आणि एप्रिलमध्ये इंजिन सुरू करण्यापूर्वी बोटाची डायफ्रॅमची चाचणी घेतो. गेली चार वर्षे कार्ब्युरेटर उतरवावे लागलेले नाहीत.

एक तपासणी मात्र थंड इंजिनावर होतच नाही. काही पाये थंड असताना सरळ आणि तापल्यावर वाकडे होतात, त्यामुळे गॅरेजमध्ये मोकळा वाटलेला शाफ्ट वीस मैलांनंतर धरला जातो. म्हणून सगळे जुळवल्यावर गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवून आणावी, इंजिन बंद करावे, हातमोजे घालून मधला उघडावा आणि टोकाच्या झडपा लगेच पुन्हा फिरवून पाहाव्यात. त्या गरम असतानाही स्वतःहून पूर्ण मिटल्या, तरच एअर क्लीनर कायमचा बसवावा.